चाळीतल्या मावशी आणि फौजदारांनी सांगितलेला माणूस

मुलुंडच्या आमच्या चाळीत नळावर सगळ्यात मोठा आवाज शेजारच्या मालवणी मावशींचा. भांडताना ज्याला 'मेल्या' म्हणायच्या, संध्याकाळी त्यालाच वाटीभर माशाचं तिखलं द्यायच्या.

त्या वर्षी आमच्या भागात वॉचमनचे खून पडत होते. फौजदार चाळीत आले.

"नाव ठाऊक नाही, पण माणूस कसा असेल ते सांगतो," ते म्हणाले. "अबोल, नोकरी सुटलेला. खुनानंतर गर्दीत उभा राहून बघणारा."

आम्ही हसलो. असा आमच्यात कोण?

मावशी हळूच म्हणाल्या, "सायबानू, माझो झील आत निजलो आसा."

मावशींच्या त्या मुलाने काहीच नाकारलं नाही. पोलीस त्याला नेताना मावशी मागे धावल्या. सोडा म्हणतील, असं आम्हाला वाटलं. त्यांनी वाकून त्याच्या अनवाणी पायांत चपला घातल्या.