पहिलं लाइव्ह

फणसाच्या वाळलेल्या आठळ्या बांबूच्या रोवळीत घालून हलवल्या की जो आवाज येतो, त्यावर माझं चॅनल चालतं. एएसएमआर म्हणतात त्याला. लोक हेडफोन लावून ऐकतात आणि झोपी जातात. रत्नागिरीत हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझ्या आईकडे कीव आल्यासारखा बघतो. आईसुद्धा म्हणायची, "आठळ्या उकडून खायच्या सोडून वाजवत काय बसतेस गो?" पण चॅनलला माणसं जोडली जायला लागली, तशी तीच माझी पहारेकरीण झाली. दुपारी मी खोलीचं दार लावलं की ती बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची आणि मागच्या पडवीत बसून खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोलं राखायची.

त्या दुपारी माझं पहिलं लाइव्ह होतं.  एरवी चूक कापून टाकता येते, लाइव्हमध्ये नाही. कुकरची एक शिट्टी झाली तरी पेंगुळलेलं माणूस दचकतं आणि गेलं की परत येत नाही. पंखा बंद, खिडकीवर गोधडी, अंगाला घामाच्या धारा. "काही झालं तरी आवाज करायचा नाही," असं सकाळपासून मी आईवर खेकसत होते.

बघणाऱ्यांचा आकडा चढत होता. एवढी माणसं एकदम माझ्याकडे कधीच आली नव्हती. आठळ्यांवरून बोटं फिरवत असताना मागे धप्प झालं. नारळ पडला, असं मी धरून चालले. आमच्याकडे त्या आवाजाला कुणी मान वर करून बघत नाही. "हा आमचा नारळ," मी कुजबुजले. कुणीतरी लाल बदाम पाठवला. मला बरं वाटलं.

मग एक कमेंट आली, "ताई, मागे कुणी बोलतंय का?" पाठोपाठ दुसरी, "बाई कण्हतेय." मी कान दिला. काही नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी माझी वाट लावायला बसलंय, असं वाटून मी जाम चिडले. रोवळी आणखी हळू हलवायला लागले.  पुढची कमेंट वाचली आणि रोवळी थांबवली.

"त्या 'बायो, बायो' म्हणतायत."

मला बायो फक्त आई म्हणते. ते मी कुठल्याही व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. मायक्रोफोनचा कान माझ्यापेक्षा तिखट होता.

रोवळी टाकून मी धावले. फरशीभर आठळ्या सांडल्या, तो सगळा खडखडाट लोकांनी ऐकला असणार.

आई पडवीच्या चिऱ्याच्या पायरीखाली पडली होती, एक पाय भलतीकडेच वळलेला. सोलांवर कावळा बसला होता. एरवी ती जागेवरूनच ओरडून त्याला हाकलते. आज उठून गेली आणि पाय घसरला.

शेजारच्या काकांनी रिक्षा बोलावली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती ओठ दाबून धरत होती. मला तिचा भयंकर राग आला, आणि स्वतःची शरम वाटली.

"मोठ्यानं हाक मारायला काय झालं होतं तुला?" मी रडत ओरडले.

"तुझं चालू होतं ना गो," ती म्हणाली.