जपानी नायिकेचं गाणं

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या घराची वरची खोली आम्ही एका ऑपेरा गायिकेला भाड्यानं दिली होती. तिचे वडील पॅलेस्टिनी, आई जपानी, जन्म ओहायोतला. आमच्या मुलीच्या मैत्रिणींचं ऐकून तीही आम्हाला काका-काकू म्हणायची. मी नोकरीत गाड्यांचे आवाज मोजतो, त्यामुळे तिच्या परवानगीनं तिचाही मोजून झाला. पण तिचं करिअर कसं चालतं, ते काही कळेना.

एका रविवारी पोहे खाताना तिनं ऑडिशनची पद्धत सांगितली. पाच गाणी आधी कळवायची. पहिलं आपल्या पसंतीचं गायचं, दुसरं त्या पाचांतून परीक्षक निवडतात.

"कुठलं निवडतात?"

"जपानी नायिकेचं. चेहरा बघतात ना!"

"दर वेळी, की बहुतेक वेळा?"

"अहो, तिला खाऊ तरी द्या," बायको म्हणाली.

"दर वेळी, काका. आणि कामही तेच मिळतं. किमोनो घालायचा, रडायचं, मरायचं."

"आणि वडिलांकडचं काही?"

"ऑपेरात अरब असलाच तर त्याच्या हातात तलवार असते आणि तो पुरुष असतो."

मी म्हटलं, "मग ते गाणं पाचांत ठेवूच नकोस. एकच गोष्ट बदल, बाकी सगळं तसंच ठेव. काय फरक पडतो ते दिसेल."

"त्या गाण्यावर माझं भाडं निघतं, काका."

मी पोह्यांकडे वळलो. भाडं मीच घेत होतो.

तरी पुढच्या ऑडिशनला तिनं ते गाणं वगळलं. शिकागोहून ड्राइव्ह करत परतली ती थेट स्वयंपाकघरात आली.

"काय मागितलं?" मी विचारलं.

"एका परीक्षकानं विचारलं, ते जपानी नायिकेचं गात नाही का? म्हटलं, गाते, पण आज नाही. मला वाटलं, आता थँक यू म्हणून बाहेर पाठवतील. तेवढ्यात टोकाला बसलेल्या बाईंनी फ्रेंच गाणं मागितलं. जादूगारणीचं."

"ती मरते का गं?" बायकोनं विचारलं.

"नाही काकू, ती दुसऱ्यांना मारते!"

आठवड्यानं ईमेल आला. नायिकेचं काम मिळालं नव्हतं. एका भांडकुदळ फ्रेंच शेजारणीचं, एकाच अंकातलं काम होतं. तिनं लगेच होकार कळवला.

एका चाचणीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितलं.

"मग पुढच्या वेळीही ते गाणं नाही," ती म्हणाली आणि शेजारणीचं भांडण पाठ करायला वर गेली.