टिकली लावलेलं धनुष्य

शिकारी ओळखावा तो त्याच्या मौनावरून, असं मामा म्हणायचे, आणि ते नीट समजावून सांगायला त्यांना वीस मिनिटं लागायची. स्वतः मामांनी डासाहून मोठं काही मारलेलं नव्हतं. त्यांचं शिकारीचं धनुष्य देश सोडून निघालेल्या एका शेजाऱ्याकडून आलेलं, आणि नेदरलँड्समध्ये धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. त्यामुळे दर रविवारी सकाळी विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प गावाच्या कडेला, तिरंदाजी क्लबच्या मैदानात, मामा पेंढ्याच्या फळीवर बाण मारत. मी शहरातून, बुइटनव्हेल्डर्टहून, सायकलने जायचो. वारा जाताना समोरून असायचा आणि येतानाही.

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेले, आणि आता विमानतळावर सामान वाहणारे पट्टे दुरुस्त करायला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. मग निदान यायचं: "हे आठवडा काढेल. ते संध्याकाळी जाईल." संध्याकाळी ते जायचं. पाळ्या करकरून माणूस पार शिणला होता, गुडघे बोलत होते, पण कानांबद्दल त्यांना भारी अभिमान. "बाकीचे लोक कॉम्प्युटर बघून सांगतात," ते म्हणायचे. त्यात मीही आलो.

अशा माणसाच्या धनुष्याने आवाज करावा, हे मामांना सहन होण्यातलं नव्हतं. बाण टेकवायला धनुष्याच्या मुठीपाशी दोन बोटांसारखा धातूचा एक आकडा असतो. दोरी ओढली की बाण त्या धातूवरून घासत मागे येतो: करर्र. पेंढ्याची याबद्दल तक्रार नव्हती, हे मी एकदा सुचवून पाहिलं. मामा म्हणाले, "विमान जाऊ दे, मग ऐक." डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जायचं. उरलेल्या वेळात आम्ही करर्र ऐकायचो.

त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून पाहिला, बाण अडकला. खुर्चीच्या पायांना लावतात तो नमदा लावला, तो जाड पडला आणि बाण शेजारच्याच्या फळीत गेला. शेवटी मामींच्या ड्रॉवरमध्ये मखमली टिकल्यांची पाकिटं सापडली. पातळ, मऊ, मागे आयता डिंक. मामी या देशात नवऱ्याच्या व्हिसावर आल्या आणि पुढे पाळणाघरात नोकरीला लागल्या, तिथली पोरं कपाळावरची टिकली ओढून काढायची म्हणून त्यांनी ती लावणं सोडलं होतं. आकड्याच्या दोन्ही बोटांवर एकेक मरून टिकली बसली आणि आवाज गेला. मामी म्हणाल्या, "तीस वर्षांत माझ्या कपाळाकडे बघितलं नाही. आकड्याचं बरं दिसलं."

मखमल दोन-तीन आठवड्यांत झिजायची. करर्र सुरू झालं की मामा टिकली बदलायचे.

दसऱ्याला इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी शस्त्रपूजेसाठी ते धनुष्य मागवलं आणि क्षात्रतेजावर बोलायला उभे राहिले. मध्येच माइकने अशी शीळ घातली की सगळ्या हॉलने कान झाकले. मामा तेवढे शांतपणे श्रीखंड खात होते. मला वाटलं, भाषणाचा निषेध असेल.

मार्चमध्ये एका रविवारी मामा खुशीत होते. "ही कंपनी चांगली. तीन महिने झाले, टिकली बदलली नाही. ऐक." विमान गेलं. त्यांनी दोरी ओढली. करर्र. टिकलीवर मखमल नावालाही नव्हती.

"आला आवाज?"

बुधवारी त्यांची कामावरची श्रवणचाचणी होती. कान गेले तर खुर्चीवर बसवतील, आणि खुर्चीवर बसायला मी एवढ्या लांब आलो नाही, असं ते आदल्याच रविवारी म्हणाले होते. मी म्हणालो, "नाही, मामा."

बुधवारी ते निर्धास्त गेले. कानांवर हेडफोन लावून, आवाज आला की दाबायचं बटण हातात धरून बराच वेळ बसले. मग त्यांनी चाचणी घेणाऱ्या बाईंना सांगितलं की मशीन बंद आहे, आणि हवं तर मी बघून देतो. हे मला मामींनी सांगितलं. सांगताना त्या हसल्या नाहीत.

मामांना सुट्या भागांच्या याद्या करायला बसवलं. कॉम्प्युटरसमोर. दोन महिने ते मैदानात आले नाहीत. फोनवर मीच मोठ्याने बोलायचो, ते "बरं" म्हणायचे.

मग जूनमध्ये आले, दोन्ही कानांत यंत्र, सोबत मामी. धनुष्य उचललं, विमान जाऊ दिलं, दोरी ओढली आणि अर्ध्यातच थांबले. बाण न सोडता हळूच दोरी सैल केली. आकड्यावरून अंगठा फिरवला.

"हे कधीपासून?"

"मार्चच्या आधीपासून."

"तुला येत होता आवाज?"

"हो."

मी मनात दोन-तीन स्पष्टीकरणं तयार करून ठेवली होती.

"सांगायचं की रे," मामा म्हणाले. "टिकली बदलली असती."

मामींनी पर्समधून पाकीट काढून दिलं. जुन्या टिकल्या खरवडून नव्या लावायला मामांना एक मिनिट लागलं.