‘व्हय?’ विचारणारा युनूस

युनूस गेल्याचं मला आमच्या ‘कातळ रिटर्न्स’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, खिशात मोबाइल थरथरला. बघतो तर युनूसचा फोटो, त्याच्याखाली तेवणारी समई आणि ‘कातळ परिवाराचा आधारस्तंभ हरपला’ अशी ओळ. आमच्या बँडचा गायक मिलिंद, त्यानं टाकलेलं. मी तसाच पायरीवर बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी मोबाइल परत थरथरला. म्हटलं, दफनाची वेळ कळवली असेल. तर आमच्या पुढच्या कार्यक्रमाचं पोस्टर! काळे कपडे, आवळलेल्या मुठी, खाली तिकिटं कुठं मिळतील ते. समईच्या बरोब्बर खाली. मला शिसारी आली. त्या शिसारीतूनच हे लिहितोय, आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं हे मला कळतं. युनूसबद्दल गोड लिहायला काहीच अवघड नाही हो, पण आम्हा मागे राहिलेल्यांबद्दल काय लिहायचं?

कातळ हा कराडचा हेवी मेटल बँड. हसू नका. नव्वदच्या दशकात आम्ही तिघं इंजिनिअरिंगला होतो. मिलिंद गायचा, म्हणजे घसा फाटेस्तोवर ओरडायचा. नंदू लीड गिटारवर आणि मी बेस गिटारवर. केस खांद्यापर्यंत, अंगात काळे बनियन. कॅसेटवरून कॅसेट इतक्या वेळा उतरवलेल्या, की त्यातली खरखरही आम्हाला संगीताचाच भाग वाटायची. फक्त ड्रमर नव्हता. गॅदरिंग चार दिवसांवर आलं तेव्हा आम्ही बाजारातल्या एका लग्नाच्या बँडवाल्यांकडे ड्रमसेट मागायला गेलो. मालक म्हणजे युनूसचे अब्बा. ते म्हणाले, ‘‘सेट एकटा जात न्हाई. सेटबरोबर आमचा युनूस जातुय.’’ युनूस आमच्याच वयाचा, दंडानं दणकट, तोंडानं अबोल. आम्ही त्याला कॅसेट ऐकवली. त्यानं डोळे मिटून एक अख्खी बाजू ऐकली आणि म्हणाला, ‘‘वरातीत नाचणारी दमली की आमी असंच वाजिवतो. त्याबिगर उठत न्हाईत.’’ चार दिवसांत त्यानं स्कूटरच्या स्टँडच्या स्प्रिंगा आणि सायकलची चेन लावून दोन्ही पायांनी वाजवायचं पेडल बनवलं. असलं पेडल तेव्हा आम्ही फक्त फोटोत बघितलेलं.

पहिल्या तालमीला त्याचा बेसड्रम, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ढोल, नुसता घुमत होता. एक ठोका विरायच्या आत दुसरा पडायचा आणि सगळा गोंधळ. युनूस उठला, घरी गेला आणि आईची वाकळ घेऊन आला. जुन्या साड्यांची शिवलेली, निळी-तांबडी, एका कोपऱ्यात हळदीचा डाग पडलेली. ढोलाचं पुढचं पान काढून त्यानं ती आत कोंबली, पान परत चढवलं आणि पाय मारला. थप्प! ‘‘आता बसला आवाज,’’ तो म्हणाला. ती वाकळ पुढं तीसेक वर्षं त्या ढोलातच राहिली.

त्याची एक सवय मात्र मिलिंदला कधीच पटली नाही. गाणं सुरू करायच्या आधी युनूस काठ्या वर धरायचा आणि आम्हा तिघांकडे एकेक करून बघायचा. ‘‘व्हय?’’ तिघांनी ‘व्हय’ म्हटल्याशिवाय काठी खाली यायची नाही. ही त्याच्या अब्बांच्या बँडची शिस्त. मला म्हणाला होता, ‘‘आवं, कुणाचा तरी दम भरलेला नसतो, कुणाच्या तरी तोंडात पान असतंय. इचारल्याबिगर सुरू केलं तर त्यो एकटाच मागं ऱ्हातो.’’ फलटणला एकदा भर कार्यक्रमात माझी तार तुटली. समोर पोरं शिट्ट्या मारतायत, मिलिंद दात-ओठ खात ‘‘सुरू कर, त्याला राहू दे’’ म्हणतोय, आणि मी घामाघूम होऊन तार बसवतोय. मान वर केली तर युनूस काठ्या तशाच वर धरून माझ्याकडे बघत बसलेला. चेहऱ्यावर घाई नाही, राग नाही. मी ‘व्हय’ म्हटलं तेव्हाच गाणं सुरू झालं... हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर निदान बावळट ठरलो असतो.

पुढं जे सगळ्यांचं होतं तेच झालं. नंदू पुण्याला नोकरीला गेला. मिलिंदनं सांगलीत प्लॉट आणि बंगल्यांचा धंदा काढला, पोट सुटलं, हातात कडं आलं. मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. युनूसनं गेट-ग्रिलचं वर्कशॉप काढलं आणि त्याच्या मागच्या खोलीत ड्रमसेट मांडून ठेवला. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की तो तासभर वाजवायचा. तीस वर्षं. आमच्यातल्या बाकी कुणी तीस वर्षं काही केलं असेल तर ती बढाई. मी मधूनअधून शुक्रवारी जायचो. शमीमभाभी चहा आणायच्या, मी गिटार आणली नाही म्हणून युनूस शिव्या घालायचा, आणि दोघं भडंग खात बसायचो.

मागच्या वर्षी मिलिंदच्या डोक्यात आलं, की कातळ परत उभा करायचा. सगळ्यात जास्त आनंद युनूसला झाला. तोवर साखरेनं त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. त्यानं डावं पेडल सोडवलं, स्प्रिंग नरम केली, पट्टी रुंद केली आणि दिवसाआड सराव धरला. तालमीत ऐकलं तर हळू गाण्यांत तो आमच्यातला सगळ्यात बरा होता. फक्त दोन जलद गाण्यांत शेवटाकडे डावा पाय किंचित मागं पडायचा. त्यालाच आधी कळलं. म्हणाला, ‘‘ह्या दोनात वेग जरा उतरवा गड्यांनो. मी धरतो.’’ मिलिंद ‘‘बघू, बघू’’ म्हणाला. त्याचं ‘बघू’ प्लॉट घेणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे.

आठवड्यानं त्यानं आम्हाला पेठनाक्यावरच्या हॉटेलात बोलावलं. मला, नंदूला. युनूसला नाही. ‘‘भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही,’’ मिलिंद म्हणाला. ‘‘पुण्याचा एक ड्रमर बघितलाय, तयार आहे. आणि स्टेजवर दिसायलाही पाहिजे ना काहीतरी. हा लंगडत येणार, चष्मा सावरत बसणार... आपण त्याचा जंगी सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं. चालेल ना?’’ नंदूनं मिसळीतून मान वर न काढता ‘‘हो’’ म्हटलं. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मला युनूसची बाजू सुचत नव्हती असं नाही. मला स्टेज पाहिजे होतं. पन्नाशी उलटलेल्या, मोटारींची तांब्याची तार गुंडाळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एकदा तरी त्या उजेडात उभं राहायचं होतं, बस्स. मी म्हणालो, ‘‘व्हय.’’ त्याचाच शब्द! त्या वेळी माझ्या तोंडात दुसरा शब्द आला नाही, याची मला आजही किळस येते.

सांगलीच्या कार्यक्रमात मध्यंतराआधी सत्कार झाला. आपल्याकडे माणसाला बाजूला काढायचं असलं की त्याचा सत्कार करतात, आणि तेही असं की त्यानं वर हसून हात जोडायचे. मिलिंदनं माइकवरून ‘‘आमचा पाया, आमचा आधारस्तंभ’’ वगैरे बरंच काही ओकलं. शाल घालायला ‘‘त्याचा जिवलग मित्र’’ म्हणून मला पुढं केलं. मी घातली. जाड, बदामी रंगाची, कडेला तांबडी नक्षी. स्मृतिचिन्ह म्हणून काय दिलं असेल? सोनेरी प्लॅस्टिकची गिटार! दुकानात ढोल नव्हता म्हणे. ड्रमरच्या हातात गिटार देऊन फोटो काढले, टाळ्या झाल्या, आणि त्याच्या पाठीमागे दुसऱ्याच्या सेटवर दुसरा माणूस बसलेला. त्या पुण्याच्या ड्रमरनं मात्र खाली उतरून युनूसच्या पायांना हात लावला. आमच्यापैकी कुणाला तेवढंही सुचलं नाही. नंतर आत मी विचारलं, ‘‘कसं वाटलं रं?’’ कसलं निर्लज्ज विचारणं! युनूस शाल काढून तिची घडी घालत होता. ‘‘त्याचा पाय लय भारी हाय,’’ तो म्हणाला. ‘‘पर त्यो कुणाला इचारत न्हाई गड्या.’’ खरंच होतं. त्या ड्रमरच्या कानात ठेका देणाऱ्या यंत्राची टिकटिक होती. ती सुरू झाली की तो सुरू.

त्यानंतर मी शुक्रवारी जाणं बंद केलं. आधी कामं होती, मग तालमी होत्या, मग कारणंही संपली आणि नुसती लाज उरली. युनूसचे दोन फोन आले. ‘‘कवा येतोस सुऱ्या? येकदा येऊन ऐकून जा.’’ मी ‘‘येतो, येतो’’ म्हणालो. चार महिने गेले. मग ती समई.

दफनाला मी गेलो, माती दिली. नंदू आला नाही. मिलिंदही आला नाही, त्यानं फुलांचं भलंमोठं चक्र पाठवलं, मधोमध कातळचा लोगो. कबरस्तानाच्या फाटकाशी ते कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवलं होतं. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघत होते, आणि मी ओळख नसल्यासारखा उभा होतो.

युनूसचा चाळीसावा दिवस झाला आणि मिलिंदचा फोन आला. आता ‘युनूसला मानवंदना’ म्हणून कार्यक्रम करायचाय, स्टेजच्या मधोमध त्याचा जुना सेट ठेवायचा, त्यावर फोटो, हार, वरून एकच दिवा. ‘‘लोक रडतील बघ,’’ तो म्हणाला. सेट आणायचं काम माझ्याकडे. मी नुसतं हूं केलं आणि गेलो. हो, तरीही गेलो.

भाभींनी मागची खोली उघडून दिली. सेट पुसलेला, काठ्या छोट्या ढोलावर आडव्या ठेवलेल्या. ढोल उचलायच्या आधी मी हातानंच पेडल दाबून बघितलं. थप्प. पण नेहमीच्या वाकळेचा आवाज नव्हता, आणखी आटोपशीर, आणखी खोल. मी पुढचं पान सोडवून आत हात घातला. जाड, मऊ लोकर हाताला लागली. बदामी. कडेला तांबडी नक्षी.

‘‘वाकळ मीच काढून घेतली, भाऊ,’’ भाभी दारातून म्हणाल्या. ‘‘त्यांचे पाय लय गार पडायचे. मग ढोल घुमाय लागला. म्हनले, ती शाल आन. चार-पाच येळा घडी बदलून बदलून बसवली. लय खूश झालते. म्हनले, सुऱ्याला ह्यो आवाज ऐकवायचा, वाकळंपेक्षा बरा हाय. दर शुक्रवारी दोन कप ठेवाय लावायचे.’’

शालीचं त्याला वाईट वाटलं की नाही, मला माहीत नाही. त्या बाबतीत स्वतःला माफ करून घ्यायचा माझा विचारही नाही. मला एवढंच दिसत होतं, की फलटणसारखाच तो चार महिने काठ्या वर धरून बसला होता, आणि या वेळी माझी तारही तुटलेली नव्हती.

तेवढ्यात मिलिंदचा फोन. ‘‘टेम्पो निघालाय. देतायत ना सेट? चालेल ना सगळं?’’

‘‘न्हाई,’’ मी म्हणालो.

‘‘भाभी नाही म्हणतायत का? मी बोलू?’’

‘‘भाभी नाही. मी म्हणतोय. सेट इथनं हलणार नाही आणि मीही येणार नाही.’’ तो पुढं बराच बोलला. मी फोन ठेवला आणि ग्रुपमधून बाहेर पडलो. यात कौतुकाचं काही नाही. ज्याच्यासाठी ते ‘न्हाई’ म्हणायचं होतं तो ऐकायला नव्हता.

मग मी शाल होती तशीच घडी करून आत बसवली, पान चढवलं, स्क्रू आवळले. स्टुलावर बसलो. मला ड्रम वाजवता येत नाहीत. काठ्यांना हात लावला नाही, नुसता उजवा पाय पेडलवर ठेवला. भाभी अजून दारातच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं.

‘‘व्हय?’’ मी विचारलं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी पाय तसाच धरून थांबलो.