पुण्यातून फडकं दिसत न्हाई

आमच्या साखर कारखान्यात एक रीत हाय. मशीनवर माणूस काम करत असला की त्या मशीनच्या विजेच्या पॅनेलला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की कुणी बटणाला हात लावायचा न्हाई, मग तो साहेब असो की झाडूवाला. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. हा नियम कागदावर कुठंच न्हाई, पण मी इथं गेज-मीटरच्या कामाला लागल्यापासून तो मोडलेला कधी बघितला नव्हता.

मग तो डबा आला. बिस्किटाच्या पुड्याएवढा. मळीच्या, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाच्या, पंपाच्या पॅनेलमध्ये बसवला आणि डबा विकणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्यात खुर्चीत बसून इंटरनेटवरून आमचा पंप चालू-बंद करायला लागला. साहेब, म्हणजे आमचे चीफ इंजिनिअर, लई खूश. येईल त्या पाहुण्याला मोबाईलवर पंप दाखवायचे.

मी लॅपटॉपवरून डबा उघडला की पडद्यावर इशारा यायचा, या सर्टिफिकेटवर भरवसा ठेवता येत नाही. सर्टिफिकेट म्हणजे त्या डब्याचं ओळखपत्र. मी अमुक कारखान्याचाच डबा, दुसरा न्हाई, एवढं त्यानं दाखवायचं. गोदामात एक जादा डबा पडून होता, तो मी जोडून बघितला. दोन्ही डब्यांचं सर्टिफिकेट अक्षर न अक्षर सारखं. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणतो, "सगळ्या गिऱ्हाइकांकडे तेच असतं हो. इशारा आला की 'पुढे जा' दाबायचं." अख्ख्या गावाला एकाच फोटोचं आधार कार्ड वाटायचं आणि वर म्हणायचं, बघा, ओळख पटली. माझं डोकंच सणकलं.

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "साहेब, सर्टिफिकेट खोटं हाय."

साहेबांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं फ्रेममध्ये कारखान्याला मिळालेलं गुणवत्तेचं सर्टिफिकेट, त्यावर दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार. "हे खोटं हाय? चेअरमनसाहेबांनी स्वतः स्टेजवर जाऊन घेतलंय."

मी म्हणालो, ते न्हाई, डब्याचं. सगळं समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, "आपली मळी चोराया इंटरनेटवरून कोण येणार हाय बे?" केबिनमधले दोघं हसले. मीपण हसलो आणि बाहेर आलो. माझ्या त्या हसण्याचा मला साहेबांपेक्षा जास्त राग येतो.

आमच्या फिटरला सगळे मामा म्हणायचो. त्याच्या घरची माणसं दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्या घरात कायमची नोकरी लागलेला तो एकटाच. गळीत हंगाम भरात असताना, सकाळच्या पाळीला, तो मळीच्या पंपाचं कपलिंग, म्हणजे मोटर आणि पंप जोडणारा सांधा, सोडवायला बसला. पॅनेलला फडकं होतं, दोन गाठी मारलेलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मी दहा पावलांवर गेज बदलत होतो. कुणी बटणाला हात लावला न्हाई आणि पंप फिरला. मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चार दिवसांनी चौकशी बसली. मामा बीडला दवाखान्यात, आणि इकडं त्याच्यावर खापर फोडायची तयारी. साहेब म्हणाले, फ्यूज काढून पंपाची वीज तोडली नव्हती, निष्काळजीपणा हाय, कामावरून कमी करावं. न्हाईच काढला फ्यूज. पण या कारखान्यात कोण काढतं? सगळ्यांचा जीव त्या फडक्याच्याच भरवशावर असतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी पॅनेलची नोंद काढून आणली होती. पंप चालू करायचा हुकूम डब्यातून आलेला. सगळ्यांसमोर कंपनीच्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. आधी त्यानं उडवाउडवी केली. मग म्हणाला, "मी दुसऱ्या एका कारखान्याचा पंप तपासत होतो. डब्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्यातला एक आकडा चुकला असेल. इशारा सगळीकडे तोच येतो, म्हणून 'पुढे जा' दाबलं." डब्याला स्वतःची ओळख असती तर कारखान्याचं नाव जुळलं नसतं आणि तो माणूस तिथंच अडला असता.

मी साहेबांना विचारलं, "पुण्यातून फडकं दिसतं का?" त्यांनी पाण्याचा गिलास उचलला आणि खाली ठेवला. अहवालातून निष्काळजीपणा हा शब्द गेला. मामाची नोकरी राहिली. मी त्याच पावली जाऊन डब्याची वायर उपटली, कुणाला विचारलं न्हाई.

दुपारी बस धरून दवाखान्यात गेलो. मामाला सगळं सांगितलं, डब्याचं, फोनचं, साहेबांचं तोंड कसं उतरलं ते. छाती फुगवून हेही सांगितलं की मी साहेबांना दिवाळीच्या आधीच बजावलं होतं.

मामानं बांधलेला हात उशीवर नीट ठेवला.

"म्हंजी तुला म्हाईत व्हतं."

"हो. म्हणून तर साहेबांना सांगितलं."

"साहेबाला सांगितलंस," मामा म्हणाला. "मला कावून न्हाई? हात तर माझा आत जाणार व्हता."