गयाबाईच्या मनगटावरची घंटी

दवाखान्यात नाकाला नळी लावलेली असतानाही माझ्या बायकोचा, गयाबाईचा जीव घरच्या शेगडीपाशीच होता. "गॅस चालू राहिलाय. जा, बघून या." मी म्हणलं, "अगं, सून हाय की घरी." तिनं डोळे वटारले. "तुमी बघा." रिक्षा करून घरी आलो. गॅस बंद होता, खिळ्याला तिची पितळी घंटी होती तशी लटकत होती. बरं वाटलं. माघारी जाऊन सांगावं म्हणून चप्पल घालत होतो, तेवढ्यात पोराचा फोन आला. "नाना... माय गेली." गॅस बंद हाय, एवढंच सांगायचं होतं. ते राहूनच गेलं.

आम्ही मेंढरांमागची माणसं. चितेगावच्या पलीकडं आमचा मुक्काम असायचा. गयाचं ध्यान एका जागी कधी ठरायचं नाय, आणि कळपाला नेमकं तेच लागतं. भाकर थापता थापता उठून पळायची, आणि खरंच एखादं कोकरू काट्यात अडकलेलं असायचं. भाकर करपायची, कोकरू वाचायचं. तिथं तिला कुणी नाव ठेवलं नाय. मग दुष्काळ पडला, तो सरतोय तोवर दुसरा. कळप विकला आणि शहरात आलो. बीड बायपासच्या अंगाला जिथं आमची मेंढरं चरली होती, तिथं इमारती उठत होत्या. त्यातल्याच एकीवर मी वॉचमन झालो.

चार भिंतींत तेच ध्यान तिच्या अंगावर उलटलं. दूध तापायला ठेवलं की वाळत घातलेले कपडे आठवायचे, कपड्यांकडं जाताना केरसुणी दिसायची, झाडता झाडता शेजारीण भेटायची. इकडं पातेलं काळं. घराची किल्ली फ्रीजमध्ये सापडायची. टँकरच्या दिवशी तर आम्हा सगळ्यांना धास्तीच. एकदा टाकीत पाइप सोडून ती उभी होती, आणि रस्त्यानं कुणाचा तरी कळप चालला होता. बाई गेली की त्याच्या मागं! एक मेंढी लंगडत होती म्हणे. इकडं टाकी भरून पाणी गटारीत. पाण्यापायी माणसं एकमेकांच्या अंगावर जायची, असं ते वर्ष. शेजारीण ओरडली, "ओ काकू, उभ्या-उभ्या झोपता का?" गया काय झोपली नव्हती. ती सगळ्यांपेक्षा जास्त जागी होती, पण हे सांगायचं कुणाला, आणि कसं...

मग नात झाली, सानू. सून सुरेखा वाळूजला कंपनीत जायची, पोर गयापाशी. एक दिवस सुरेखा दुपारीच परतली तर घरभर गॅसचा वास. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण तसंच चालू, सानू पाळण्यात, आणि गया गच्चीवर पापड उलटत होती. खिडक्या उघडल्या, पोर वाचली. सुरेखा म्हणली, "आत्या, उद्यापासून सानू पाळणाघरात." "ठेव बाई. तुझं खरं हाय," गया म्हणली. नात हातातून गेली, आता आपण घरात कशाला, असं तिचं तोंड झालं. जेवण तुटलं.

शेवटी सुरेखाच तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी लहानपणापासूनचं सगळं विचारलं. म्हणल्या, याला एडीएचडी म्हणतात, मोठेपणीही राहतं. आळस नाय, बेपर्वाई नाय. ध्यान असतं, पण पाहिजे तिथं धरून ठेवता येत नाय. हृदय नाजूक, म्हणून गोळ्या नकोत, आठवणीला बाहेरची खूण लावा. गया रिक्षात म्हणली, "एवढं मोठं नाव हाय त्याला. अन् मी जन्मभर शिव्या खाल्ल्या."

मोबाईलचा गजर लावून दिला, तर तो बंद करून ती विसरायची. मग एक दिवस तिनं पेटी उपसली. भटक्या शेळीच्या गळ्यात बांधतो ती घंटी काढली, नाडीत ओवली. "शेगडी पेटवली की मनगटाला. विझवल्याशिवाय सोडून खिळ्याला टांगायची नाय."

"लोक हसतील," मी म्हणलं.

"हसू द्या. शेळी तर हरवत नाय!"

गच्चीवर जावो की दारात, हात हलला की वाजायची आणि ती पळत माघारी यायची. सुरेखा घरी असली की आतून हाक मारायची, "आत्या, काय चालू हाय?" कितीतरी महिने सुरेखा घंटी ऐकत राहिली, सानू मात्र पाळणाघरातच. आणि एका सकाळी तिनं डबा उचलला, सानूला गयाच्या मांडीवर दिलं आणि मागं न बघता कामावर गेली. त्या दिवशी गयानं शेगडी पेटवलीच नाय. सकाळची थंड भाकर खाल्ली, पण पाळण्याजवळून हलली नाय.

सानू आता शाळेत जाते. चहा मी करतो. माझं ध्यान ठिकाणावर असतं, तरी घंटी बांधतो. सानू आतून ओरडते, "आबा, काय चालू हाय?" मी म्हणतो, "चहा." मग गॅस बंद करतो, बटण हातानं चाचपतो, आणि घंटी सोडायच्या आधी रोज मोठ्यानं सांगतो, "बंद हाय गं, गया. मी बघितलं."