भरलेला डबा

ग्लासगोच्या कम्युनिटी किचनमध्ये एक केनियाची बाई नाचणीची आंबट पेज करते, आपल्या आंबिलीची सख्खी बहीणच. बाजारात ती कपाने विकते. किचन कौन्सिलचं, म्हणजे इथल्या महापालिकेचं; मी तिथेच नोकरीला, आणि किचनमधल्या छोट्या फूड बिझनेसना मदत करणं हे माझं काम. ती एका जागी कधी उभी राहत नाही. ढवळताना पाय नाचतो, बोलताना ओटा पुसते, माझं वाक्य संपायच्या आत "येस, येस, नेक्स्ट?" म्हणते. गिऱ्हाइकानं साखर मागितली की कप मागे ओढते. "आधी तशीच पी. मग भांड."

मला पेज आवडली म्हणून तिनं डबा भरून दिला. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून मी त्यात लाडू घालून दिले. तिच्याकडेही हीच रीत निघाली. तेव्हापासून डबा भरलेलाच फिरतोय.

परवा डबा देताना ती पहिल्यांदाच स्तब्ध उभी राहिली. "या वेळी लाडू नकोत. किचन चालू राहणार का, तेवढं सांग."

"कळवते," मी म्हणाले.

किचन बंद होणार हे मला सोमवारीच कळलं होतं. घरी येऊन डबा घासला आणि लाडूच वळायला घेतले. नेहमीपेक्षा जास्त तूप घालून.